साहेबांनी हाताने लाल केलेली ओळ

मी स्टाईलशीट बोलतेय. आणि आज गोड बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते. तुम्ही मला ओळखत नसाल. यंत्राच्या पडद्यावर 'मदत' उघडता ना, तिथे मथळा मोठा, पायऱ्या सुट्या सुट्या आणि धोक्याची सूचना लाल चौकटीत दिसते, ते माझं काम. मजकूर दुसऱ्याचा, कपडे माझे. कपडे नीट बसले की माझी आठवण कोणाला येत नाही. बिघडले की पहिली शिवी मला.

बेकरीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर माझा जन्म झाला. जन्म देणारी तिथली लेखिका, यंत्रांची मदतीची पानं तयार करणारी. सगळे तिला मॅडम म्हणत, पण मॅडमसारखं वागवत कोणी नसे. खुर्ची जिन्याच्या तोंडाशी, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. तिने मला जीव ओतून घडवलं. धोक्याच्या सूचनेसाठी जाड लाल चौकट केली, अक्षरं मोठी ठेवली, आणि पिठाने माखलेल्या पडद्यावर ती दिसते का, हे खाली जाऊन स्वतः पाहून आली. त्या चौकटीचं नाव तिने ठेवलं 'इशारा'.

पीठ मळायच्या यंत्राची माहिती इंजिनिअर साहेब लिहायचे, आपल्या वर्डच्या फाईलमध्ये. ती फाईल मॅडमने मदतीच्या सॉफ्टवेअरला लिंक केली होती. म्हणजे साहेबांनी फाईलमध्ये काही बदललं की इथलं पान आपोआप नवं होणार. फाईलमधल्या कुठल्या स्टाईलला, म्हणजे ओळीला यादीतून दिलेल्या कुठल्या नावाला, माझा कुठला पोशाख, हेही तिने ठरवून दिलं होतं. ओळीला 'इशारा' स्टाईल दिली, की मी तिला लाल चौकट चढवणार. मला रंग कळत नाही, नाव कळतं. एवढी साधी गोष्ट!

पण साहेबांना स्टाईल देण्यात कमीपणा वाटायचा. पानभर सगळं 'साधा मजकूर'. मथळा हवाय? अक्षरं मोठी केली. धोका आहे? ओळ निवडली, ठळक केली, हाताने लाल रंग फासला, झालं. 'बटण बंद केल्यावरही पातं काही वेळ फिरत राहतं, तोवर झाकण उघडू नका' ही ओळ त्यांच्या फाईलमध्ये लालभडक. माझ्याकडे आली ती 'साधा मजकूर' हे नाव घेऊन, आणि मी तिला साधेच कपडे घातले. दुसरं काय करणार होते मी?

मॅडम त्यांच्या टेबलाशी गेली. "सर, तेवढ्या एका ओळीला 'इशारा' स्टाईल द्या ना. मी माझ्या पानावर चौकट देते, पण तुम्ही फाईल सेव्ह केली की माझं सगळं पुसलं जातं."

"अहो मॅडम, लाल आहे, ठळक आहे. अजून काय, भोंगा लावू तिथे?"

"मग मला फाईल उघडू द्या. मीच देते."

"माझ्या फाईलला हात लावायचा नाही हं." हे तिच्याकडे न बघता, चहा ढवळत. असा संताप आला मला! पण मला तोंड कुठे होतं?

मग रोजची तीच कटकट. साहेब फाईल सेव्ह करत, ओळ साधी होई, मॅडम मुकाट्याने पुन्हा चौकट देई. यंत्र गिऱ्हाईकाकडे जायच्या आदल्या दिवशी ती जेवायला गेली, तेवढ्यात साहेबांच्या डोळ्यांना एक स्वल्पविराम खुपला. त्यांनी तो खोडला आणि फाईल सेव्ह केली.

त्याच वेळी खाली चाचणीच्या खोलीत मावशी होत्या. नव्या यंत्रावर पहिलं पीठ त्याच मळायच्या, पडद्यावर सांगितलंय अगदी तसंच. त्यांनी बंदचं बटण दाबलं. पात्याची ती ओळ बाकीच्यांसारखीच दिसत होती, नजर तिच्यावरून घसरली. त्यांनी झाकण उघडलं आणि पीठ काढायला हात घातला.

किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत आली. उजव्या हाताची बोटं चेचली होती.

"मी लाल केलं होतं! माझी फाईल बघा!" साहेब मालकांपुढे ओरडत होते. "या मॅडमच्या स्टाईलशीटने खाल्लं ते!" मालकांनी फाईल पाहिली, लाल दिसलं, पटलं. मॅडमने ओळीवर क्लिक करून दाखवलं, "मालक, इथे नाव बघा, साधा मजकूर लिहिलंय." पण नुकतंच रक्त पाहून आलेला माणूस, तो कशाला बघतोय कोपऱ्यातलं नाव! तिची रवानगी पार्सलच्या खोलीत झाली. आता खोक्यांवर पत्ते चिकटवते. जाताना तिने मला एकदा उघडलं आणि काही न बदलता बंद केलं.

पुढे हात गुंडाळलेल्या मावशी एकदा वर आल्या. "कुठे लिहिलं होतं ते दाखवा ना साहेब. माझीच चूक झाली का, एवढंच बघायचंय."

साहेबांनी पान उघडलं. वर नेलं, खाली नेलं. स्वतःचीच ओळ सापडेना. शेवटी मावशींनीच पट्टीतलं बोट पडद्याला टेकवलं. "ही होय? ही दिसली होती की हो. बाकीच्यांसारखीच वाटली."

साहेबांची मान खाली गेली. म्हटलं, आता तरी अक्कल आली. आली, पण कसली! त्यांनी फाईल उघडली, अख्खं पान निवडलं आणि सगळ्यालाच 'इशारा' स्टाईल देऊन टाकली. "आता नाही कोणाची नजर चुकायची," म्हणाले. पिठाचं माप लाल चौकटीत, पाण्याचं लाल चौकटीत, पुसायचं फडकंसुद्धा लाल चौकटीत. आणि त्या गर्दीत ती ओळ, पुन्हा बाकीच्यांसारखीच. नाव दिलं की मला कपडे चढवावेच लागतात. नाही म्हणायची सोय माझ्यात कोणी ठेवलेलीच नाही.

मावशी, सोमवारपासून तुम्ही परत कामावर येताय असं ऐकलं. साहेबांना मी काही सांगायला जाणार नाही, तो माणूस कोणाचं ऐकत नाही. तुम्हाला सांगते. माझ्या चौकटींवर विसंबू नका. पातं थांबलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच झाकणाला हात लावा. एकच हात धड उरलाय तुमचा.