आईच्या टॅबवर केसांचे टोप

आईच्या सोमवारच्या ऑपरेशनला आम्ही घरात 'अल्सर' म्हणत होतो. खरं नाव डॉक्टरांनी मला आणि माझा भाऊ झिसिस याला आमच्या व्होलोस शहरातल्या इस्पितळाच्या व्हरांड्यात सांगितलं, आपल्या पाठीमागे दार ओढून घेऊन. "त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा," म्हणाले आणि गेले. आमच्याकडे हे असंच चालतं. त्या आजाराचं नाव पेशंटपुढे काढायचं नाही.

"एक अक्षर बोलू नकोस," झिसिस म्हणाला. "ती हाय खाईल. ऑपरेशनच्या टेबलावर चढायचीसुद्धा नाही."

मी मान डोलावली. आई अजून आत होती आणि तिचा टॅब माझ्या पर्समध्ये होता. माझ्या फोनची बॅटरी संपलेली. आणखी एखाद्या डॉक्टरला दाखवावं म्हणून मी तिथेच बाकावर बसून आईच्या टॅबवर थेस्सालोनिकी शहरातल्या एका खासगी दवाखान्याची वेबसाइट उघडली. पोटाचा कॅन्सर, उपचार, पुढचं सगळं वाचलं.

आता माझं कामच हे आहे. मी दुकानांच्या, हॉटेलांच्या वेबसाइटी तपासते आणि मालकांशी भांडते, की बाबांनो, माणूस आत आला की त्याच्या मशीनवर कुकी, म्हणजे ओळखीची खूण, ठेवण्याआधी त्याला विचारा. ती खूण एकदा चिकटली की तो पुढे कुठेही जावो, जाहिरातवाले त्याला ओळखतात आणि हात धुऊन मागे लागतात. 'हो'चं बटण जेवढं मोठं तेवढंच 'नको'चं ठेवा. मालक माना डोलावतात आणि 'नको' कुठेतरी अडगळीत टाकतात. या दवाखान्यानेही तेच केलं होतं. मी ते 'नको' हुडकून काढलं, दाबलं. वाचलेल्या पानांची नोंद पुसली. टॅबमधल्या कुकी मात्र पुसल्या नाहीत, कारण मग आईची सगळी खाती बंद पडली असती आणि तिला एकही पासवर्ड आठवत नाही. शिवाय मी नको म्हटलं होतं ना!

गुरुवारी आईकडे गेले तर ती पिटासाठी, पालक भरून भाजायच्या पोळीसाठी, पारी लाटत होती. कृती बघायला टॅब पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. कृतीच्या खाली जाहिरात होती: 'उपचार सुरू होत आहेत? हलके, खऱ्यासारखे केसांचे टोप.' एक टक्कल पडलेली बाई माझ्याकडे बघून गोड हसत होती.

"आई, पिठाने खराब होईल गं," म्हणत मी टॅब उचलला आणि न्हाणीघरात जाऊन बसले. बातम्या उघडल्या, तिथे टोप. राशिभविष्य उघडलं, तिथे केमोत काय खावं. मी सगळ्या कुकी पुसल्या, पण आईने किती बघितलं होतं कुणास ठाऊक. नळ सोडून मी रडून घेतलं.

बाहेर आले तर आई दारातच उभी. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, सावकाश, टोकापर्यंत. "किती दाट आहेत," म्हणाली. "जप." मग माझ्यापुढे लिंबू-अंड्याच्या सुपाचं वाडगं ठेवलं आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली. निघताना मरियामातेच्या तसबिरीकडे माझं लक्ष गेलं. खाली नवसाचा नवा पत्रा ठेवला होता. ज्याच्यासाठी नवस, त्याची आकृती अशा पत्र्यावर उठवतात, आणि यावर एक बाई होती. आई स्वतःसाठी नवस बोलली होती. म्हणजे तिला कळलं होतं आणि ती माझा निरोप घेत होती.

शुक्रवारी झिसिसचा फोन आला. "ती सोमवारी जायचं नाही म्हणते! अल्सर काही पळून जात नाही म्हणाली. काय केलंस तू?"

मी जाहिरातींचं सांगितलं.

"वा! गावाला शहाणपण शिकवतेस," तो म्हणाला, "आणि आईलाच तिचा आजार फळ्यावर लिहून दाखवलास. ती टेबलावर गेली नाही तर तुला जन्मात माफ करणार नाही मी."

मी रागारागात थेस्सालोनिकीच्या त्या दवाखान्याला फोन लावला. फिरवाफिरवी होऊन त्यांची वेबसाइट बघणारा माणूस मिळाला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाई, जाहिरातीची कुकी पान उघडताच लागते. तुमचं 'नको' त्यानंतर येतं ना."

"मग विचारता कशाला?"

"विचारावं लागतं."

"आजारी माणसं येतात हो तुमच्या पानावर!"

"सगळेच असं करतात, बाई."

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. तक्रार करणार आहे म्हणाले आणि ती केलीही. पण तक्रारीचा निकाल लागेल तेव्हा लागेल, डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशन लांबवलं तर हाताबाहेर जाईल.

शनिवारी सकाळी मी आईकडे गेले. ती गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती.

"आई, सोमवारी तुला जावंच लागेल."

"नाही जायचं. मी पोट फाडून पडून राहिले तर तुझं कोण करणार?"

"माझं काय करायचंय?"

तिने झारी खाली ठेवली. "अर्गिरो, पुरे झालं आता. मला कधी सांगणार होतीस?"

"काय सांगायचं?"

"तुझ्या आजाराचं! टॅबवर ते टोप येतात. तूच शिकवलंस ना मला, शिलाई मशीन बघितलं तेव्हा? की आई, आपण जे शोधतो तेच जाहिरातीत मागे येतं. मी तर असलं काही शोधलं नाही. टॅब तुझ्याकडे होता. तू वाळलीस, न्हाणीघरात रडतेस. मी आई आहे, भिंत नाही. रोज रात्री तुझ्या डोक्यावर एक केस नाही असं दिसतं मला."

हो म्हणाले असते तर ती उद्या माझ्यासाठी अंथरूण घालून बसली असती. नाही म्हणाले तर मग आजार कुणाचा, ते सांगावंच लागणार होतं.

"आई, माझं नाही ते," मी म्हणाले. "तुझं आहे. अल्सर नाहीये तो."

तिने माझा दंड घट्ट धरला. "बाबांची शपथ?"

"बाबांची शपथ."

"तुला काही नाही? कुठेच काही नाही?"

"मी ठणठणीत आहे."

ती तिथेच उलट्या बादलीवर बसली, तीनदा क्रूसाची खूण केली आणि रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"माझं!" ती म्हणाली. "अगं, मी तेच मागितलं होतं. मरियामातेला म्हटलं, पोरीचं काढ आणि मला दे. तरण्या जिवाला कशाला? मला दे."

"आई, तुझी गाठ त्याच्या आधीपासूनच होती."

"ते डॉक्टरांना ठाऊक. मला दिलं ते मला ठाऊक." तिने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं आणि मग एकदम डोळे वटारले. "झिसिसला माहीत होतं?"

"हो."

"डॉक्टरांना?"

"त्यांनीच सांगितलं, आम्हाला."

"लोकांशी भांडत फिरतेस, आधी विचारा म्हणून," ती म्हणाली. "मला विचारलं कुणी?"

ती उठली, राहिलेल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि बॅग भरायला आत गेली.

सोमवारी वाटेत तिने गाडी देवळापाशी थांबवायला लावली. नवसाचा पत्रा तिथल्या मरियामातेच्या तसबिरीला बांधून आली. झिसिस स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, तिने त्याला टपली मारली, "चल, गाढवा."

इस्पितळात डॉक्टरांनी आम्हाला बघितलं आणि सवयीने व्हरांड्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं निघालोही.

"तिकडे कुठे?" आई म्हणाली. "डॉक्टर, आजार माझा आहे. माझ्याशी बोला. ही दोघं बाहेर बसतील."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं.

आई त्यांच्यामागून खोलीत गेली आणि दार तिने स्वतः ओढून घेतलं. आम्ही बाकावर बसलो. आत काय बोलणं चाललं होतं, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं.