पत्ता सांगा

मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गाद्यांचे रेक्झिन सोलले आहे आणि तोंडापाशी येणारी माईकची दांडी चिकटपट्टीने बांधून ठेवलेली आहे. मित्रांनो, गाणी ऐकवणाऱ्या माझ्या ऐटबाज भावंडांशी माझी गल्लत करू नका. मी रुग्णवाहिका पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षात काम करतो. इथे खुशाली विचारायला कोणी फोन करत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तारा जोडल्या, आवाज तपासला आणि खोक्यात भरले. ते खोके उघडले ताईंनी. कक्षात सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. माझे सारे आयुष्य त्यांच्याच डोक्यावर गेले. डोक्यावर बसवले की कोणीही शेफारतो. मीही शेफारलो, कारण ताईंसारखे काम दुसऱ्या कोणाचे नव्हते.

इथला नियम असा, की काय झाले ते नंतर, आधी पत्ता. पत्ता ऐकायचा, मोठ्याने परत म्हणायचा आणि पलीकडून ‘हो’ आले की गाडी सोडायची. फोन मध्येच तुटला तरी गाडी पोचली पाहिजे. ताई पत्ता विचारत तो इतक्या शांत आवाजात, की हंबरडा फोडणारा माणूसही थांबून उत्तर देई. गल्लीबोळ त्यांना तोंडपाठ होते. साहेब पाहुण्यांना मुद्दाम त्यांच्या खुर्चीपाशी घेऊन येत.

मग दोघे जण नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. ताई आहेत ना, असे म्हणून साहेबांनी ते फोनही आमच्याकडे वळवले. पूर्वी ताई मला मधूनमधून गळ्यात उतरवून घोटभर पाणी पीत. आता तेही बंद झाले. महिने गेले, मग वर्षे गेली.

मी कानशिलाला चिकटून बसणारा, त्यामुळे बदल मला आधी कळला. फोन नसतानाही ताईंची शीर थडथड उडत असे. दात आवळलेले असत. कोणाची खुर्ची सरकली तरी त्या दचकत. ऐकलेला पत्ता लिहीपर्यंत निसटू लागला. शेजारी बसणाऱ्या काकांशी त्यांचे कधी वाजले नव्हते, पण एकदा ते टेबलावर पेन आपटत बसले म्हणून ताई त्यांच्यावर खेकसल्या. मग स्वतःच रडवेल्या झाल्या. झोप लागत नाही, लेकीच्या हातून पेला पडला तर अंगाचा तिळपापड होतो, असे त्यांनी काकांना सांगितले. काका म्हणाले, रजा घे. ताई म्हणाल्या, मग फोन कोण घेणार? मला साहेबांचा राग येई, आणि खरे सांगतो, ताईंचाही येई.

एका दुपारी ताईंनी अपघाताचा एक लांबलेला फोन संपवला आणि श्वास न घेता पुढचा घेतला. पलीकडे एक मुलगी धापा टाकत होती. ताईंचा ‘हॅलो’ ऐकताच तिने आवाज ओळखला.

“आई, मी बोलतेय. आजोबा पडलेत. डोळेच उघडत नाहीयेत.”

“पत्ता सांगा,” ताई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

“आई, मी आहे गं. आपल्या घरी.”

“पत्ता सांगा.”

मग तिने रडत रडत स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला. ताईंनी तो परत म्हटला, पण त्यांच्या तोंडून आला मघाच्या अपघाताचा पत्ता. मुलगी नाही, नाही म्हणत होती आणि ताईंचे बोट गाडी सोडायच्या बटणाकडे निघाले होते. माझा जीव टांगणीला लागला. मी दुसऱ्यांचे शब्द पोचवतो, स्वतःचा एकही बोलू शकत नाही.

काकांनी तो पत्ता ऐकला. तिथे गाडी मघाच गेली होती, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ताईंचा हात धरला आणि मला खसकन ओढून स्वतःच्या कानाला लावले. माझी दांडी मोडली ती तेव्हाच. मोडकी दांडी तोंडापाशी धरून त्यांनी मुलीकडून पत्ता घेतला, परत म्हटला, ‘हो’ ऐकले आणि गाडी सोडली. गाडीवाल्यांकडून निरोप येईपर्यंत ताई काकांच्या खुर्चीला धरून उभ्या होत्या. शेवटी निरोप आला. आजोबांचा श्वास चालू होता.

“काका, मला माझ्या मुलीचा आवाज कळला नाही,” ताई म्हणाल्या.

मग ताई डॉक्टरांकडे गेल्या आणि मला वेड लागले आहे का, असे त्यांनी विचारले. डॉक्टर नाही म्हणाल्या. मेंदूत धोका ओळखणारा एक पहारेकरी असतो. त्याला वर्षानुवर्षे उसंत मिळाली नाही की त्याला जिकडेतिकडे चोर दिसू लागतात. त्याच्या आरडाओरड्यात लक्षात ठेवणारा आणि रागाला आवर घालणारा भाग थकून जातो. विश्रांती मिळाली तर बरेचसे सावरते, पण सावकाश. ताईंनी हे काकांना सांगितले तेव्हा साहेबही ऐकत होते. त्यांची मान खाली होती. त्यांनी रिकाम्या जागा भरल्या आणि ताईंना मोठी रजा दिली.

ताई परत आल्या त्या दिवशी काम संपताना लेक त्यांना न्यायला आली. आजोबा आता काठी टेकत चालतात, असे तिने काकांना सांगितले. आईजवळ यायला मात्र ती जरा बिचकत होती.

“आई, तेव्हा तुला खरंच कळलं नव्हतं, मी आहे ते?”

“नाही कळलं गं,” ताई म्हणाल्या. “आणि त्यात तुझं काही चुकलं नव्हतं.”

तेवढ्यात फोन वाजला. ताईंचा हात माझ्याकडे आला आणि थांबला. शेजारी नव्याने कामाला लागलेल्या मुलीने फोन घेतला. ताई लेकीचा हात धरून निघून गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी विनवतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी विनवणी उलटी आहे. मला वेळच्या वेळी डोक्यावरून उतरवा. तुमच्या घरी कोणी सारखे विसरत असेल, उगाच चिडत असेल, तर त्याचा स्वभावच बिघडला असे म्हणू नका. त्याच्या डोक्यावर किती दिवसांचे ओझे आहे, ते विचारा. त्या दुपारी मुलीने ‘आई’ म्हटले, ते मी ताईंच्या कानात अगदी स्वच्छ पोचवले होते. माझ्यात काहीच बिघाड नव्हता. पुढचे काम ताईंच्या मेंदूचे होते, आणि त्याला आम्ही कोणी कधी सुट्टीच दिली नव्हती.