बिनसांडशीचा हात

"कामगार मंगरू याने मद्यप्राशन करून तापलेले भांडे हाताळले, अपघातास तो स्वतः जबाबदार आहे." १९७८ साली भंडाऱ्यातल्या एका पितळी भांड्यांच्या कारखान्याच्या मालकाने, श्यामरावांनी, हे निवेदन टंकलिखित करून सरकारी दवाखान्यात पाठवले. खाली डॉक्टर भोजराज यांच्या सहीपुरती जागा सौजन्याने रिकामी सोडली होती. सही झाली की मंगरूची नोकरी संपणार होती.

भोजराजांनी निवेदन दोनदा वाचले. मद्य मेंदूला गुंगवते हे खरे. पण चटका बसलेला हात मेंदूची परवानगी मागत नाही. कातडीतली वर्दी नसेतून पाठीच्या कण्यापर्यंत जाते आणि माघारीचा हुकूम तिथूनच सुटतो; मेंदूला वेदना कळेपर्यंत हात मागे आलेला असतो. तोही हुकूम सुटू नये इतकी दारू प्यालेला माणूस भट्टीपर्यंत चालत गेला कसा, याचा खुलासा निवेदनात नव्हता. मंगरूने तर भांडे सोडलेच नव्हते. जळक्या मांसाचा वास आल्यावर शेजारच्याने ओरडून त्याला खाली पाहायला लावले होते.

"दारू कायची, डाक्टरसायब?" त्याची बायको पार्वताबाई फणकारली. "चहा बी फुकून फुकून पेते हा. जिभेले चटका लागते म्हणते, हाताले नाही लागत."

मंगरू ओशाळून हसला. पंधरा वर्षांच्या भट्टीने हात पक्का झाला, अशी त्याची समजूत होती. साऱ्या कारखान्याचीही तीच. नव्या गड्यांना त्याचा हात दाखवत, पाहुण्या व्यापाऱ्यांसमोर त्याला सांडशीशिवाय भांडे उचलायला लावत.

भोजराजांनी त्याचे डोळे मिटवले. टोचले की सांगा म्हणाले, आणि धड राहिलेल्या करंगळीत सुई खुपसली. रक्ताचा थेंब टेबलावर पडला.

"टोचा नं, सायब," मंगरू म्हणाला. "कवाचा वाट पाहून राहिलो."

भोजराजांनी सुई ठेवली आणि त्याचा कोपर चाचपला. कोपरामागची नस त्यांच्या बोटांना दोरीसारखी जाड लागली. दंडावर फिकट, बधिर चट्टा होता. कुष्ठरोग. वेळीच गोळ्या सुरू झाल्या असत्या तर हा हात आज हात राहिला असता. चट्टा आधी कोणी पाहिला होता का, असे त्यांनी विचारले. दोन वर्षांपूर्वी या दवाखान्याचे तपासणीवाले कारखान्यात आले होते, मंगरू म्हणाला. चिठ्ठी मालकाकडे येईल म्हणाले होते, आणि मालकांनी काही नाही म्हणून सांगितले.

दवाखान्याच्या नोंदवहीत त्या चिठ्ठीची प्रत निघाली: मंगरूला कुष्ठरोग, उपचारासाठी पाठवावे. भोजराजांनी श्यामरावांना बोलावून ती पुढे ठेवली. त्यांनी ती नाकारली नाही. चष्मा पुसून शांतपणे वाचली. मग ते जे बोलले, ते भोजराजांनी निवेदनावर आडवी रेघ मारून, सहीच्या रिकाम्या जागेत, शब्दाला शब्द उतरवून घेतले:

"चिठ्ठी आली होती. वाचली अन् खिशात ठेवली. त्याले सांगतलं असतं तं तो दुसऱ्या दिवसापासून सांडशी धरून बसला असता. अन् त्याच्यासारखा झटक्यात उचलणारा गडी मले दुसरा कुठं भेटला असता, डाक्टरसायब?"