आताच्या हाताचे बाण

तिसरा बाणही डावीकडेच गेला. गवताच्या भाऱ्यावर लावलेल्या कागदी वर्तुळाला न शिवता तो वीतभर बाजूला रुतला, तसा गोपाळरावांनी खाटेवर बसल्याबसल्याच निकाल देऊन टाकला.

"मनगट सैल सोडलंस. बाणाचा दोष नाही."

अल्पनाने मान हलवली. वडिलांशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं.

"हवा असेल, भिया," फत्तेसिंग म्हणाला. देवासबाहेरचं हे खळं त्याचं. स्वतःही चांगला तिरंदाज, पण त्याहून चांगला मित्र.

"पान हलत नाहीये आणि म्हणे हवा. तू चाय सांग."

गोपाळरावांचे पूर्वज म्हणे पवारांच्या फौजेबरोबर बाण बनवणारे म्हणून माळव्यात आले. फौज गेली, राज्य गेलं, घराणं सोफे आणि दरवाजे करू लागलं; पण बाण करायचं कसब काही घरातून गेलं नाही. गोपाळराव आयुष्यभर सुतारकाम करून पोट भरत होते आणि बाणांवर मिजास करत होते. त्यात मुलगी अल्पना एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याच बाणांनी भल्याभल्यांना हरवून आली, मग तर विचारायलाच नको. ती पुढे हाटपिपल्याला शिक्षिका झाली, संसारात पडली, धनुष्य खुंटीला लागलं. गोपाळरावांच्या गप्पांत मात्र ती एकोणीसच वर्षांची राहिली.

धारला फक्त लाकडी धनुष्य आणि लाकडी बाणांची स्पर्धा आहे असं कळलं, त्या दिवशी न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं, "आमची अल्पना उतरणार." अल्पनाला त्यानंतर कळवलं. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून तिचा खांदा मोडला होता, म्हणून फोनवर विचारलं खरं, "हात कसा आहे?" ती म्हणाली, "ठीक आहे आता." त्यांनी ऐकलं, पूर्वीसारखा आहे.

मग त्यांनी कुक्षीहून जुन्या बैलगाडीचा, धामणीच्या झाडाचा दांडा आणवला. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड. ते करवतीने कापायचं नाही, फाडायचं, म्हणजे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. जिथे गाठ निघाली, रेषा वळली, ती काठी टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायला गेली. उरलेल्या दांड्या निखाऱ्यांवर शेकून, तळहातावर दाबून सरळ केल्या. मग एकेक दांडी दोन खिळ्यांवर आडवी ठेवून मधोमध पितळी वजन टांगलं आणि किती लवते ते पाहिलं. जास्त लवली, बाद. कमी लवली, बाद. गाडीच्या अख्ख्या दांड्यातून जेमतेम डझनभर निघाल्या. पण अशा, की रात्री उठून त्यांच्यावरून हात फिरवावा. गोपाळरावांनी फिरवलाही.

आणि आता त्याच दांड्या एकामागून एक डावीकडे.

"थांब, मी बघतो तुझं मनगट," असं म्हणून ते अखेर उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. अल्पनाने बाण चढवून दोरी ओढली. मनगट ठीक होतं. पण बाणाचं टोक जिथे धनुष्याला जवळजवळ टेकायला हवं, तिथे ते चार बोटं पुढे राहिलं होतं.

"ओढ."

"ओढलंय, बाबा."

"पूर्ण ओढ गं."

"हे पूर्णच आहे."

तिचा खांदा थरथरत होता. तिने दोरी हळूच परत आणली आणि धनुष्य खाली केलं. फत्तेसिंगला अचानक म्हशीची आठवण झाली आणि तो गोठ्याकडे निघून गेला.

"इतकाच येतो हात?"

"इतकाच. डॉक्टर म्हणाले, यापुढे यायचा नाही."

"मग फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही पूरा मोहल्ला गोळा करून बसला होतात. काय सांगू?" ती खाली बघत म्हणाली. "मी नाव मागे घेते. तुमचे बाण खराब नाहीत, बाबा. कोणी विचारलं तर तसंच सांगेन."

हे ऐकून गोपाळरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी मोडका खांदा घेऊन उभी होती आणि सांभाळत होती बापाचे बाण. सुटताना बाणाने धनुष्याच्या अंगावरून लवून निघून जायचं असतं. ओढ कमी, तर जोर कमी. कमी जोराला ताठ दांडी लवत नाही आणि डावीकडे फेकली जाते. हे त्यांना पोरवयापासून ठाऊक होतं. तरी दांड्या निवडल्या त्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातासाठी, आणि ती मुलगी आता कुठेच नव्हती.

"खराबच आहेत," ते म्हणाले. असं ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले असतील. "फत्त्या, म्हैस राहू दे. माझी हत्यारांची पेटी आण."

"पुढची चार उंगली काटून टाका ना, भिया," फत्तेसिंग पेटी ठेवत म्हणाला.

"आखूड केली की आणखी ताठ होते. पातळच करावी लागेल."

त्यांनी पिसं उतरवली, छोटा रंधा हातात घेतला आणि पहिल्या दांडीवर चालवला. पिवळसर सालपं पायाशी पडू लागली. थोडं तासायचं, पॉलिश पेपरने घासायचं, वजन टांगायचं, अल्पनाला एक बाण सोडायला लावायचं, पुन्हा तासायचं. बाण वीतभरावरून चार बोटांवर आला, चारांवरून दोनांवर.

"एक तरी जशीच्या तशी ठेवा ना," अल्पना म्हणाली. "किती सुंदर झाल्या होत्या."

"कोणासाठी ठेवू?"

ऊन उतरायला लागलं तेव्हा बाण सरळ जाऊन कागदात बसला. अल्पनाने मागे वळून बापाकडे पाहिलं. गोपाळराव दुसरी दांडी तासत होते, पण त्यांना दिसलं होतं.

धारला अल्पना दुसरी आली. पहिली आली ती कुक्षीकडची एक कोवळी पोर, आणि तिचं कौतुक गोपाळरावांनी इतकं मनापासून केलं की ती बिचारी लाजली. मग मैदान रिकामं होत असताना फत्तेसिंगने आपलं दणकट धनुष्य काढलं आणि अल्पनाकडून एक बाण मागून घेतला.

"बघू तरी, काय जादू केली."

त्याने कानापर्यंत ओढून सोडला. बाण निशाण चुकवून उजवीकडे भरकटला आणि पार कुंपणापाशी गवतात जाऊन पडला. जमलेले लोक हसले.

सगळ्यात जास्त खूश झाले गोपाळराव. गुडघे धरत ते कुंपणापर्यंत गेले, बाण शोधून आणला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि जो दिसेल त्याच्यापुढे दोन्ही हातांनी धरून दाखवू लागले.

"दुसऱ्या कोणाकडून नाही जाणार हा," ते म्हणत होते. "आमच्या अल्पनाच्या हाताचा आहे. आताच्या हाताचा."

सगळ्यांना दाखवून झाल्यावर त्यांनी तो तिच्या भात्यात ठेवला आणि भाता स्वतःच्या खांद्यावर घेतला.