डिस्कचं वय

मल्लिकार्जुनला तो आवाज सोमवारी पहिल्यांदा ऐकू आला. कॉम्प्युटर सुरू केला की आतून कट्‌कट्, मग जरा थांबून पुन्हा कट्‌कट्. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. पण मल्लिकार्जुन जन्मापासून अंध. सोलापुरात नव्या पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या बोलत्या ग्रंथालयात तो नऊ वर्षं काम करत होता. पंखा कितव्या नंबरवर आहे, हे तो दारातूनच सांगायचा.

त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये इंद्रायणीबाईंच्या आवाजातली दोनशे बारा पुस्तकं होती. बार्शीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलाकडे सोलापूरला आलेल्या बाईंनी अकरा वर्षं रोज दुपारी इथं बसून अंध मुलांसाठी ती वाचली होती. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. मुलं इथंच येऊन ऐकायची, त्यामुळे दुसरी प्रत करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"बिल आहे माझ्याकडं, दोन हजार एकोणीसचं," ग्रंथालयाचे चिटणीस यज्ञेश्वरकाका म्हणाले. "सहा वर्षांचं मशीन. उगाच धसका घेऊ नकोस."

"मशीन सहा वर्षांचं असेल, काका. पण डिस्क?"

"मशीनबरोबरच आली असेल की!"

मल्लिकार्जुनचं समाधान झालं नाही. डिस्क तपासणारा एक लहानसा प्रोग्रॅम त्याने उतरवून घेतला. पडद्यावरचा मजकूर त्याला कॉम्प्युटरच वाचून दाखवायचा. बुधवारी सकाळी त्या यांत्रिक आवाजाने सांगितलं, की ही डिस्क एकूण एकतीस हजार चारशे तास चालली आहे आणि तिची प्रकृती धोक्यात आहे.

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. दिवसाला आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस. सहा वर्षांचे फार तर साडेचौदा हजार होतात. हे तर दुपटीहून जास्त.

मुलांना भेटायला बाई आलेल्याच होत्या. काकांनी मशीन बंद करून कॅबिनेट उघडलं, डिस्क सोडवली आणि चष्मा घरी राहिल्यामुळे बाईंच्या हातात दिली. खिडकीपाशी जाऊन त्यांनी लेबलवरची बनावटीची तारीख वाचली. आवाज इतका बारीक, की ऐकायला सगळे जवळ सरकले.

"चौदा मार्च... दोन हजार बारा."

"अरे देवा!" काका म्हणाले. "जुनं मशीन जळालं तेव्हा बाईंची पुस्तकं जाऊ नयेत म्हणून मीच सांगितलं होतं, डिस्क तीच ठेवा. साफ विसरलो बघ."

ते तडक बाजारात गेले आणि तासाभरात नवी डिस्क घेऊन आले. जुनी परत जोडून दुपारी एकला कॉपी सुरू झाली. मल्लिकार्जुन एकेका पुस्तकाचं नाव मोठ्याने सांगत होता, बाई वहीत खूण करत होत्या. संध्याकाळी सहाला दोनशे नऊ पुस्तकं झाली. मग डिस्क एकदा जोरात खडखडली आणि गप्प झाली. पुन्हा चालू झालीच नाही.

"तीन गेली," तो म्हणाला. "मी सोमवारीच हट्ट धरायला हवा होता."

"दोनशे नऊ वाचली, ते बघ की," बाई म्हणाल्या. "गेली कुठली?"

त्यांतलं एक होतं माळरानावरच्या पक्ष्यांचं. त्याची ब्रेल प्रत कपाटात होती. बाईंनी ती काढून त्याच्यापुढे ठेवली.

"वाच."

"मी? बाई, माझा हेल अक्कलकोटचा. मुलं हसतील."

"हसू देत. पक्ष्यांचं पुस्तक आहे, हसत ऐकलेलं काय वाईट?"

दुसऱ्या दिवशी तो माइकसमोर बसला. बोटं पानावरून पुढे सरकत होती, जीभ मागे राहत होती. घाई झाली की बाई टेबलावर हळूच टिचकी मारायच्या. पहिलं प्रकरण चार वेळा करावं लागलं.

शुक्रवारी ते त्याने आठवीतल्या गुरम्माला ऐकवलं. ती हसली नाही. हेडफोन काढून म्हणाली, "सर, माळढोक एवढा मोठा असतो व्हय? मला वाटायचं चिमणीएवढाच असंल."

"त्याहून लई मोठा," मल्लिकार्जुन म्हणाला, आणि किती ते दाखवायला त्याने तिचे दोन्ही हात धरून चांगले लांब पसरले.