मुसळाखालचा हात

मी एक जुनं उखळ आहे, मित्रांनो. घानातल्या माम्पाँग गावी, डूफीच्या अंगणात माझं आयुष्य गेलं. तिच्या नवऱ्यानं मला एका कडक ओंडक्यातून कोरलं. तेव्हापासून उकडलेले कसावाचे कंद नि कच्ची केळी माझ्यात कुटून घरचा फुफू, रश्शाबरोबर खायचा मऊ चिकट गोळा, होत आला. एकानं उभं राहून लांब मुसळ मारायचं, दुसरीनं बसून दोन घावांच्या मधे हात घालून गोळा उलटायचा. उलटणारी डूफीच. तिचा हात कधी आत गेला नि कधी बाहेर आला, शेजारणींना दिसतही नसे.

मग तिची बोटं बधिर होऊ लागली. वाफाळता गोळा तिला चटकेनासा झाला. गुठळ्या हाताला लागेनात. घरचे त्या रश्शाबरोबर मुकाट्यानं गिळत. हातही किंचित उशिरा बाहेर येई. मुसळ मारणारी तिची लेक ताचिवा, तिला हे आधी कळलं. आईला सांगणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनं आपलेच घाव संथ केले.

डूफीला वाटलं, पोरगी आळसावली. "काय गं, मुसळ उचलवत नाही की काय? अशानं फुफू उद्या होईल."

ताचिवा नुसती हसे. मला मात्र प्रत्येक घावाची धास्ती वाटायची.

मावशीच्या मयताला डूफीचा धाकटा लेक ओपोकू कुमासी शहरातून आला. घर पाहुण्यांनी भरलं होतं. ताचिवा चुलीपाशी अडकली, म्हणून मुसळ त्यानं घेतलं. ताचिवानं आईला उठायला सांगून पाहिलं. "तू रस्सा बघ," डूफी म्हणाली, "मला काय शिकवतेस?"

ओपोकूचे घाव भराभर पडू लागले. त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मला ओरडता येत नाही.

मुसळ आलं तेव्हा हात आतच होता. पांढरा गोळा लाल झाला. डूफी बोटांकडे बघत राहिली.

"मुसळ कधी आलं रे?" तिनं विचारलं. दुखणं मागाहून आलं.

"मला ठाऊक होतं, आई," ताचिवा म्हणाली. "मी बोलले नाही."

"म्हणजे तू आळशी नव्हतीस," डूफी हळूच म्हणाली.

दोन बोटं वाकडीच जुळली. आता गोळा उलटायला ताचिवा बसते. मुसळ मारणाऱ्या शेजारणीला तिनं बजावून ठेवलंय, "माझा हात रेंगाळला तर थांब, नि तोंडावर सांग. मला वाईट वाटलं तर वाटू दे."

मित्रांनो, घरातल्या थकल्या हातांना जपा. पेला निसटला, गुंडी लागेना, तर हसून सोडू नका, मायेपोटी लपवूही नका. जवळ बसून सांगा. त्यांचं त्यांना ते कळत नसतं.