गंगेपार सीमोल्लंघन

सुनीतीला कोणी विचारले असते की बाई, तुला या जन्मात आणखी काय हवे, तर तिने सरळ सांगितले असते की रत्नाकरच्या तोंडून एक वाक्य हवे, आणि ते नवऱ्याच्या, वासुदेवच्या कानांवर पडायला हवे. पण विचारतो कोण? बँकेत सह्या-शिक्के करणारी, डब्यात पोळी-भाजी नेणारी, शेजारणीला विरजण देणारी बाई नुसता अबोला नव्हे, मनात डूख धरून बसली असेल, हे काशीतल्या सिगऱ्याच्या कॉलनीत कोणाच्या स्वप्नातही आले नसते. नागीण डूख धरते म्हणतात. पण नागिणीला निदान हळदीकुंकवाला जाऊन हसावे लागत नाही. सुनीती तीन वर्षे हसत होती.

झाले होते ते असे. वासुदेवची आई लग्न होऊन काशीत आली ती पुन्हा कधी गंगा ओलांडून पलीकडे गेली नाही. काशीत मरण म्हणजे मोक्ष, आणि पलीकडचा काठ म्हणजे व्यासकाशी. तिथे जो मेला तो गाढवाच्या जन्माला जातो, ही इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची पक्की समजूत. सासूबाई घाटावर बसल्या तरी पलीकडच्या वाळूकडे पाठ करून बसत. माहेरचे बोलावून थकले. लेकीची बाळंतपणे झाली, भाचरांची लग्ने झाली, त्या हलल्या नाहीत. मरण कधी अवेळी गाठेल याचा काय नेम, म्हणायच्या. आणि अशा बाईला उतारवयात एकच मोह झाला, पलीकडच्या रामनगरची रामलीला एकदा डोळ्यांनी बघण्याचा.

वासुदेव म्हणाला, "चल आई, जाऊन लगेच परत येऊ." फियाटमध्ये बसवले, राजघाटचा पूल ओलांडला, आणि पडावहून रामनगरच्या रस्त्याला लागल्यावर पुढचा टायर फुटला. गाडी कडुनिंबावर आदळली. वासुदेवला नुसते खरचटले. सासूबाईंनी चहाच्या टपरीसमोरच्या खाटेवर प्राण सोडला. दहन मणिकर्णिकेवर केले, पण त्याने काय होते? जन्मभर ज्या काठाकडे पाठ केली, प्राण गेला तो त्याच काठावर.

सुनीती शिकलेली होती. गाढवाचा जन्म वगैरे आपण मानत नाही, असे ती चारचौघांत ठणकावून सांगे. पण घाटावर वाळू वाहणारी गाढवे दिसली की मान फिरवून घेई. एखादे लंगडत असले तर तिला त्या दिवशी जेवण जात नसे.

टायर होते रत्नाकरच्या दुकानातले. रत्नाकर वासुदेवचा लहानपणापासूनचा दोस्त, मलदहियाला टायरचे दुकान. बनारसमधल्या मराठी माणसांची एक खोड आहे. बनारशाकडून वांगी घेताना दहादा उलटून बघतील, पण दुकानदार मराठी निघाला की डोळे मिटून घेतील. आपल्या माणसाचा माल तपासणे म्हणजे त्याचा अपमान. वासुदेवने तसेच चारही टायर घेतले, आणि सुनीतीनेही एकावर बोट टेकवून बघितले नाही. पुढे गॅरेजवाल्याने फुटलेला टायर तिला दाखवला तेव्हा वरचे रबर सालीसारखे सुटून लोंबत होते, आणि आत कोणाच्या तरी गाडीने झिजवून टाकलेला जुना टायर होता. "रिसोल है, बहनजी," तो म्हणाला. "पुराने पर रबड़ चढ़ाया हुआ."

तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर सुनीतीने सगळ्यांदेखत रत्नाकरला विचारले. तिने शब्द मोजले नाहीत. तुम्ही माझ्या सासूचा खून केलात, असेच म्हणाली. रत्नाकर आधी वासुदेवकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या दुकानातून गेला तेव्हा टायर ठीक होता, वहिनी. चालवणाऱ्याचा हात डळमळला त्याला मी काय करू?"

वासुदेव मान खाली घालून बसला. मंडळी सुपारी कातरत राहिली. झाले! आठवड्याच्या आत ब्रह्माघाटापासून सिगऱ्यापर्यंत एकच गोष्ट फिरली: वासुदेवने आईला मारले, तेही पलीकडे नेऊन. त्यानंतर वासुदेवने स्टिअरिंगला हात लावला नाही. कॉलेजात शिकवायला सायकलरिक्षाने जाई, आल्यावर गॅलरीत बसे. टायर हा शब्द निघाला तरी उठून जाई. नवऱ्याचे असे मातेरे झालेले बघून सुनीतीच्या अंगाचा तिळपापड होई. स्वतःच्या हातांनी आई मारली असे हा माणूस समजतो, आणि ज्याने मारली तो गणपतीत पुढे उभा राहून आरतीचे तबक धरतो! तिने ठरवले, हे रत्नाकरच्याच तोंडून वदवायचे, आणि पुलाच्या पलीकडे नेऊन वदवायचे.

त्यासाठी गाडी लागणार होती. अंगावर ताडपत्री घेऊन तीन वर्षे पडलेली फियाट तिने दुरुस्तीला दिली, आणि स्वतः ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. कॉलनीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. लावू देत. मग आला टायरचा प्रश्न, आणि इथे मात्र तिने कोणाला आपला माणूस म्हणायचे नाही असे ठरवले. दुधाने तोंड पोळलेली ती, आता ताक फुंकूनच पिणार होती.

रोज बँक सुटली की ती लहुराबीरपासून मलदहियापर्यंत एकेक दुकान पालथे घाली, रत्नाकरचे सोडून. रेडियल घ्या, मॅडम, लोण्यासारखी चालेल, असे एकजण म्हणाला. पण बनारसच्या खड्ड्यांत लोणी काय कामाचे? बाजू कापली की गेला. नायलॉनचा टायर जरा दणके देतो पण मार खातो, आणि तिची गाडी काही रोज लखनौला जाणार नव्हती. दुसऱ्याने इतका स्वस्त टायर दाखवला की तिला भीतीच वाटली. तिने नखाने बाजूचे रबर दाबले, तर बारीक चिरा दिसल्या. माल गोदामात म्हातारा झाला होता. खऱ्या नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते चालून झिजतात. रिसोलच्या खांद्यावर बोट फिरवले की जुने-नवे रबर जिथे चिकटवले ती कड लागते. हे सगळे ती शिकली. सगळ्यांत महागडाही तिने घेतला नाही, कारण त्यात निम्मा भाव नावाचा होता. शेवटी मधल्या किमतीचा, ताज्या मालातला, जाड नक्षीचा नायलॉन तिने निवडला. चार चाकांना चार आणि डिकीत एक. दुकानदार हसून म्हणाला, "बहनजी, आप तो दुल्हा भी इतना ठोक-बजाकर नहीं लाई होंगी." सुनीतीही हसली. घरी येताना मात्र तिला वाटले, माणूस चेष्टेत खरे बोलून जातो.

वासुदेवला तिने नवे टायर दाखवायला नेले. त्याने एकदाच बघितले आणि म्हणाला, "चांगले आहेत." त्याचे डोळे भरून आले होते. आईच्या आठवणीने, असे तिला वाटले, आणि तिचा निश्चय आणखी पक्का झाला.

दसरा उजाडला. आपटा काशीत कुठला? मंडळी कचनारची पाने सोने म्हणून वाटतात. सकाळीच सुनीतीने गाडीची पूजा केली. झेंडूच्या माळा इतक्या लांब घातल्या की चाके निम्मी झाकली, आणि उरल्या टायरवर हळदकुंकवाचे पट्टे ओढले. टायरवाल्यालाही टायर ओळखू येऊ नये असा शृंगार. मग कशाला जायचे ते न सांगता वासुदेवला मागे बसवून ती मंडळाच्या हॉलवर गेली, जिथे सगळी मराठी काशी सोने लुटायला जमली होती.

भर हॉलमध्ये ती रत्नाकरसमोर उभी राहिली. बोलणी थांबली. तिने त्याच्या हातावर पाने ठेवली. "सोनं घ्या भावजी. झालं गेलं गंगेला मिळालं."

रत्नाकरचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन वर्षे ज्या बाईने त्याच्या बायकोचे कुंकूही लावून घेतले नव्हते, ती सोने देत होती. आणि दसऱ्याच्या सोन्याला नाही म्हणतो कोण?

"चला ना, सीमोल्लंघन करून येऊ," सुनीती म्हणाली. "हेही मागे बसलेत गाडीत. दोघं दोस्त बरोबर असलात की गाडीलाही शुभ. अहो वेणीमाधवकाका, तुम्हीच सांगा यांना."

मंडळाचे म्हातारे अध्यक्ष वेणीमाधवकाका गहिवरले होते. "जा रे रत्नाकरा, आजचा दिवस वैर मिटवण्याचा!" चाळीस डोळे रत्नाकरवर होते. तो येऊन पुढच्या सीटवर बसला, आणि बसताना त्याने चाकांकडे नव्हे, मागच्या काचेतून वासुदेवकडे बघितले.

राजघाटचा पूल लागेपर्यंत सुनीती पावसापाण्याच्या गप्पा मारत होती. पुलावर चढल्यावर तिने स्टिअरिंगजवळचा गिअर बदलला आणि म्हणाली, "भावजी, पुढचे दोन टायर तुमचेच आहेत बरं का. त्यातले जे वाचले होते ना, तेच. म्हटलं, फेकायचे कशाला? भरोसे की चीज आहे."

रत्नाकर हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिले. "मजाक करताय, वहिनी."

"मजाक कसली? टायर ठीक होते ना? तुम्हीच तर म्हणालात. हात डळमळला होता. माझा नाही डळमळायचा."

पूल संपला. पडावच्या चौकातून तिने गाडी रामनगरच्या रस्त्याला घातली आणि पाय दाबला. फियाट थरथरली. कडेची झाडे मागे पळू लागली. रत्नाकरने डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला.

"वहिनी, हळू! आगे ट्रक आहे!"

"दिसतोय मला."

"गर्मी आहे, रस्ता तापलाय, ते टायर असे नाही पळवायचे!"

"का? ठीक आहेत ना?"

मागून वासुदेव म्हणाला, "सुनीती, थांबव." तिने ऐकले नाही. ते कडुनिंबाचे झाड लांबून दिसायला लागले होते, आणि तिला हवा होता तो क्षण हाताच्या अंतरावर आला होता. तिला भीती वाटत नव्हती. खरे सांगायचे तर तीन वर्षांत तिला इतके बरे कधी वाटले नव्हते.

"रिसोल होते!" रत्नाकर किंचाळला. "चारही रिसोल होते! थांबवा गाडी, माझे आई, हात जोडतो!"

सुनीतीने कडेला घेऊन ब्रेक दाबला. माळेतले झेंडू रस्त्यावर सांडले. ती वळून मागे बघत म्हणाली, "ऐकलंत? अहो, ऐकलंत ना? तुमचा हात नव्हता डळमळला. तुम्ही नाही मारलं आईंना. यानं मारलं. आता चला परत, काकांसमोर सगळं पुन्हा बोलू दे याला."

रत्नाकरचा श्वास अजून खाली बसला नव्हता, पण भीती ओसरली तशी त्याला चीड आली.

"त्याला काय ऐकवता? त्याला ठाऊक होतं! मी सांगूनच दिले होते, रिसोल आहेत, गावातल्या गावात चालव, पूल ओलांडू नकोस. हाच म्हणाला, वहिनीला बोलू नको, ती नवेच घे म्हणून बसेल. आई काय गंगा ओलांडायची नाही, गावात कसला टायर फुटतोय. तेराव्याला तुम्ही मला खुनी म्हणालात तेव्हा मी याच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी बोलेल. नाही बोलला. मग मीही माझी दुकान वाचवली. मी काही साधू नाही, वहिनी."

सुनीतीने आरशात बघितले नाही. ती तशीच मागे वळून बसली होती. "अहो?"

"हो," वासुदेव म्हणाला. "खरं आहे."

"आणि माहीत असून नेलंत आईंना?"

"जवळच तर होतं. वाटलं, काय होणार आहे."

"तीन वर्षं मी या माणसाला शिव्या देतेय."

"रोज सांगायचं ठरवायचो," वासुदेव म्हणाला. मग अगदी खरे बोलला. "तू त्याला शिव्या द्यायचीस ना, ते ऐकून बरं वाटायचं."

एक बैलगाडी घंटा वाजवत बाजूने गेली. तीन वर्षे जपून, फुंकून, तेल घालून तेवत ठेवलेला राग सुनीतीने आत चाचपून बघितला. तो तसाच होता, तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त आता तो एकाला पुरून उरत होता.

"टायर नवे आहेत, भावजी. पाचही," ती म्हणाली. "उतरा खाली."

रत्नाकर दार उघडून घाईघाईने उतरला. ती पुढे बघत बसली. "तुम्हीही उतरा."

"सुनीती, इथे? अगं, परत कसं..."

"उतरा म्हटलं ना."

वासुदेव उतरला. दोघे दोस्त कचनारची पाने मुठीत घेऊन धुळीत शेजारी शेजारी उभे राहिले. वासुदेवने खिडकीच्या काचेवर हात ठेवला. "माझं ऐकून तर घे. मला सांगायचंय तुला, त्या दिवशी नक्की काय..."

"मला काय सांगता?" सुनीती म्हणाली. "आईंना सांगा. त्यांना तुम्ही इथेच सोडून आलात."

आणि तिने गाडी काशीकडे वळवली.